गिटारची कुळकथा



संतवाङ्मय, इतिहास, शेती, अर्थकारण असे विषय ऐकण्यासाठी जमणाऱ्या या श्रोतृवर्गापुढे गिटारसारख्या परदेशी वाद्याची कहाणी मांडणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु हा विषय वाटतो तितका दूरचा राहिलेला नाही. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, कोठेही जा. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एखादा तरी मुलगा किंवा मुलगी गिटार घेऊन रंगमंचावर येतेच. आणि तीच गिटार घरी आली म्हणजे वडीलधारी मंडळी दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, या वाद्याला शास्त्र नाही. चारदोन सुरावटी बसविल्या की शिक्षण संपले. दुसरा असा की, काही झाले तरी ते आपले वाद्य नव्हे. हे आक्षेप रागावून घेतलेले असले तरी पोकळ नाहीत. इतिहासाच्या कसोटीला ते कितपत उतरतात, एवढेच आज आपल्याला पाहावयाचे आहे.

प्रथम नावाचा एक गैरसमज दूर करू. सितार आणि गिटार ही नावे कानाला बहिणीबहिणीसारखी वाटतात, म्हणून त्यांचे कूळही एकच असावे असे पुष्कळांना वाटते. सितार हा फारसी ‘सेहतार’, म्हणजे तीन तारांचे वाद्य, या शब्दापासून आला. गिटार हा शब्द मात्र ग्रीकांच्या ‘किथारा’ या शब्दाच्या वंशातला. तो अरबांच्या तोंडून स्पेनमध्ये गेला आणि तेथे ‘गितार्रा’ झाला. नाव एवढे जुने असले, तरी आज आपण पाहतो ते कमरेशी बारीक असलेले सपाट पाठीचे वाद्य त्या मानाने बरेच अलीकडचे आहे.

सोळाव्या शतकात, पोर्तुगीज गोव्यात पाय रोवीत होते त्या सुमारास, स्पेनच्या दरबारी लोकांत ‘विहुएला’ नावाचे वाद्य प्रतिष्ठा पावलेले होते. आकाराने ते गिटारसारखेच, पण तारा जोडीजोडीने लावलेल्या आणि अशा बहुधा सहा जोड्या. लुइस मिलान या वादकाचा विहुएलावरचा ग्रंथ १५३६ साली व्हॅलेन्सिया येथे छापून निघाला. या ग्रंथांत लिहिण्याची रीत मोठी सोयीची होती. आडव्या रेघा म्हणजे तारा, आणि रेघेवरचा आकडा म्हणजे कितव्या पडद्यावर बोट ठेवावयाचे ती खूण. पंडित भातखंड्यांनी आपल्याकडे चिजा स्वरलिपीत बांधून ठेवल्यामुळे त्या घराण्यांबाहेर पडल्या; तसेच काहीसे काम तिकडे या आकड्यांनी केले. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या रचना आजचा वादक पुस्तक उघडून वाजवू शकतो.

गिटार त्या वेळी विहुएलाची धाकटी, गरीब बहीण होती. तिला तारांच्या चारच जोड्या असत. अलोन्सो मुदार्रा याने १५४६ साली सेव्हिल येथे छापलेल्या आपल्या विहुएलाच्या ग्रंथात चार जोड्यांच्या गिटारसाठीही काही रचना दिल्या. गिटारसाठी छापलेले सर्वांत जुने संगीत ते हेच. पुढे पाचवी जोडी आली. १५९६ साली बार्सिलोनात आमात नावाच्या एका वैद्याने लहानसे पुस्तक काढून, कोणते स्वर एकदम दाबले असता कोणता स्वरमेळ निघतो, हे सामान्य माणसाला समजेल अशा रीतीने आकड्यांनी सांगितले. आज मुले ज्याला ‘कॉर्ड’ म्हणतात तेच हे.

पुस्तक स्वस्त, वाद्य स्वस्त आणि शिकणे सोपे! परिणाम व्हावयाचा तो झाला. १६११ साली कोवार्रुबियास या विद्वानाने स्पॅनिश भाषेचा मोठा कोश प्रसिद्ध केला. त्यात त्याने विहुएलाची विद्या लयास चालली म्हणून हळहळ व्यक्त केली आणि गिटार इतकी सोपी झाली आहे की घोड्याचा प्रत्येक मोतद्दारही तीत पारंगत म्हणवून घेतो, अशी तक्रार केली. श्रोतेहो, आपल्या घरातला पहिला आक्षेप तो हाच! फरक एवढाच की तो चारशे वर्षांहून अधिक जुना आहे आणि खुद्द गिटारच्या माहेरीच घेतला गेलेला आहे.

परंतु मोतद्दाराच्या हातातले वाद्य राजाच्या हातात जाण्यास फार काळ लागला नाही. फ्रान्सेस्को कोर्बेत्ता नावाचा इटालियन वादक इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या पदरी होता, आणि राजा स्वतः गिटार वाजवीत असे. पोर्तुगालच्या राजकन्येशी विवाह करताना १६६१ च्या तहाने ज्याला मुंबई बेट आंदण मिळाले, आणि १६६८ साली ज्याने ते वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले, तोच हा चार्ल्स. कोर्बेत्ताने १६७१ साली आपला गिटारवरचा ग्रंथ त्यालाच अर्पण केला. तरीसुद्धा सॅम्युअल पेपिस या प्रसिद्ध रोजनिशीकाराने १६६७ साली कोर्बेत्ताचे वादन ऐकून वादकाची तारीफ केली, आणि इतके श्रम अशा हलक्या वाद्यावर खर्ची पडावेत याचे वाईट वाटले, असे नोंदवून ठेवले. राजाच्या हाती गेले म्हणून वाद्याला प्रतिष्ठा येते असे नाही, हे यावरून दिसते.

१६७४ हे साल महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. त्याच वर्षी, जेव्हा रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, स्पेनमधील सारागोसा येथे गास्पार सान्स याने गिटारवादनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण काळ ध्यानात राहावा म्हणून ही जोडी उपयोगी पडते. सान्सने लोकांच्या नाचाच्या चाली घेतल्या आणि त्यांना शिस्तीच्या वादनात बसविले. पुढे विसाव्या शतकात होआकिन रोद्रिगो या संगीतकाराने सान्सच्या याच चालींवर गिटार व वाद्यवृंद यांची एक मोठी रचना १९५४ साली केली. लिहून ठेवलेले संगीत पावणेतीनशे वर्षांनी असे पुन्हा अंकुरले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस एक मोठे स्थित्यंतर झाले. तारांच्या जोड्या गेल्या आणि सहा एकेरी तारा आल्या. त्यांची जुळणी आपल्या भाषेत सांगायची तर अशी: एका तारेला षड्ज मानले की तिच्या वरची तार बहुतेक ठिकाणी मध्यमात लागते, फक्त एका जागी ती शुद्ध गंधारात लागते. या जुळणीमुळे डाव्या हाताची चार बोटे एका वेळी अनेक तारांवर सोयीने पडतात. उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारा छेडतो आणि पुढची तीन बोटे वरच्या तारा छेडतात. त्यामुळे एकच माणूस खालचा आधारस्वर, मधली भरण आणि वरची चाल ही तिन्ही एकाच वेळी वाजवू शकतो. एकट्याने वाजविलेली गिटार ऐकताना दोघे-तिघे वाजवीत असल्याचा भास होतो तो यामुळे. हेच या वाद्याचे शास्त्र, आणि तीन कॉर्ड शिकून ते संपत नाही, तेथून ते सुरू होते.

या सहा तारांच्या गिटारला बार्सिलोनाचा फर्नांदो सोर (१७७८–१८३९) आणि इटलीतून व्हिएन्नात गेलेला माउरो जुलियानी (१७८१–१८२९) हे दोन मोठे रचनाकार लाभले. सोरने मोझार्टच्या एका चालीवर केलेली रूपांतरे आणि विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले अभ्यासपाठ आजही प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताखालून जातात. पण याच सुमारास पियानो सुधारत गेला, सभागृहे मोठी झाली, वाद्यवृंद वाढले. गिटारचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचेना. रसिकांनी तिच्याकडे पाठ फिरविली आणि ती पुन्हा पाणपोया, खानावळी आणि बैठकीच्या खोल्या यांत जाऊन बसली.

तिला तेथून वर काढले ते एका सुताराने. दक्षिण स्पेनमधील आल्मेरिया गावचा आन्तोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) हा मूळचा सुतारकाम शिकलेला. त्याने वाद्याचे अंग मोठे केले, तारेची लांबी सुमारे पासष्ट सेंटिमीटर ठरविली आणि वरच्या पातळ फळीच्या आतल्या अंगाला पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्या बसविल्या. आवाजाचे मर्म वरच्या फळीत आहे, असे त्याचे म्हणणे होते. ते सिद्ध करण्यासाठी १८६२ साली त्याने एक अशी गिटार केली की जिची पाठ आणि बाजू लाकडाच्या नव्हत्या, कागदाच्या लगद्याच्या होत्या! फळी मात्र उत्तम लाकडाची. आजची शास्त्रीय गिटार थोड्याफार फरकाने तोर्रेसच्याच मापाची असते. आपल्याकडे मिरजेच्या कारागिरांनी भोपळ्यातून तंबोरे आणि सितारी घडविल्या नसत्या तर आपल्या गवयांचे काय झाले असते? गायकवादकांची नावे आपण पाठ करतो, कारागिराचे नाव मात्र विसरतो. म्हणून तोर्रेसची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली.

तोर्रेसच्या वाद्याला जोडीदार मिळाला तो फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९). त्याने बसण्याची पद्धत घालून दिली: डावा पाय लहानशा चौरंगावर आणि वाद्य त्या मांडीवर. पियानोसाठी लिहिलेल्या उत्तमोत्तम रचना त्याने गिटारवर उतरविल्या. त्याच्या एका प्रसिद्ध रचनेचे नाव ग्रानाडाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या आठवणींवरून दिलेले आहे. तीत एकच स्वर बोटांनी इतक्या जलद फिरून फिरून छेडला जातो की तुटक वाजणारी तार सलग वाहू लागते.

आणि मग आला आन्द्रेस सेगोविया (१८९३–१९८७). घरच्यांचा विरोध, गुरू नाही, अशा स्थितीत हा मुलगा बहुतांशी स्वतःच शिकला आणि १९०९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ग्रानाडात त्याने पहिली जाहीर मैफल केली. १९२४ साली पॅरिसने त्याला डोक्यावर घेतले. १९३५ साली त्याने बाखची व्हायोलिनसाठी लिहिलेली ‘शाकोन’ ही प्रचंड रचना गिटारवर वाजवून दाखविली, तेव्हा जाणकारांची बोटे तोंडात गेली. पण माझ्या मते सेगोवियाचा मोठेपणा केवळ त्याच्या बोटांत नव्हता. गिटारसाठी लिहून द्या, म्हणून तो संगीतकारांच्या मागे लागला. मेक्सिकोचा पोन्से, स्पेनचे तुरिना व तोर्रोबा, ब्राझीलचा व्हिला-लोबोस, इटलीचा कास्तेलनुओव्हो-तेदेस्को यांनी त्याच्यासाठी लिहिले. गावोगाव मैफली करून त्याने श्रोता घडविला आणि शिकवणी घेऊन शिष्य घडविले.

या वातावरणाचे सर्वांत गोड फळ म्हणजे रोद्रिगोची आरान्हुएझच्या राजोद्यानावरची रचना. गिटार आणि वाद्यवृंद यांची ही रचना ९ नोव्हेंबर १९४० रोजी बार्सिलोनात प्रथम वाजली. स्पेनमधील यादवी युद्ध संपून तेव्हा दीड वर्षच झाले होते. रोद्रिगो तिसऱ्या वर्षी घटसर्पाने दृष्टी गमावलेला. ब्रेलमध्ये टिपून तो रचना करी. आणि विशेष हे की तो स्वतः गिटारवादक नव्हता. तिच्या संथ मधल्या भागाची चाल आज जगभर लोक गुणगुणतात.

एक व्यावहारिक गोष्टही येथे सांगितली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत गिटारच्या वरच्या तारा जनावराच्या आतड्याच्या, म्हणजे तातीच्या असत. युद्धकाळात ती तात जखमा शिवण्यासाठी लागू लागली आणि वादकांना मिळेना. तेव्हा न्यूयॉर्कमधील आल्बर्ट ऑगस्टीन या कारागिराने नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि सेगोवियाने त्या उचलून धरल्या. तात महाग आणि हवेबरोबर बिघडणारी. नायलॉन स्वस्त आणि टिकाऊ. आपल्या मुलांच्या शास्त्रीय गिटारवरील तारा त्याच वंशातल्या आहेत.

तेव्हा पहिल्या आक्षेपाचे उत्तर काय? गिटारला शास्त्र आहे. परंतु ते तिला जन्मतः मिळालेले नाही. रचनाकार, कारागीर, गुरू आणि श्रोता या चौघांनी मिळून ते तिला दिले. यांतला एक जरी कमी पडला, तरी ती मोतद्दाराच्या करमणुकीपाशी परत गेली.

आता दुसरा आक्षेप: ‘ते आपले नव्हे.’ येथे स्पेन सोडून आपल्या मुलखात यावे लागेल. पाश्चात्त्य तंतुवाद्ये पश्चिम किनाऱ्यावर आली ती पोर्तुगीजांबरोबर. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले गेले. एकोणिसाव्या शतकात तेथे कोकणी ‘मांडो’ बहरला. घुमट हे मातीचे, घोरपडीच्या कातड्याने मढविलेले आपले वाद्य आणि व्हायोलिन, गिटार ही परकी वाद्ये त्याच्या साथीला एकत्र बसली, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. पोटासाठी मुंबईत आलेल्या गोमंतकीय वादकांनी पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. १९७३ च्या ‘यादों की बारात’मधील एका अतिप्रसिद्ध गाण्याची सुरुवात ज्या गिटारने होते, ती भूपिंदर सिंग यांनी वाजविलेली आहे, गाणे आठवले की ती आधी आठवते. गोवा १९६१ साली मुक्त झाल्यानंतर १९७० साली पणजीत कला अकादमी स्थापन झाली आणि तेथे हिंदुस्थानी संगीताबरोबर पाश्चात्त्य संगीताचीही शिकवण होऊ लागली.

परंतु मैफलीतल्या रागसंगीतात ही उभी धरलेली गिटार शिरू शकली नाही, आणि याचे कारण परकेपणा नव्हे. कारण तिच्या पडद्यांत आहे. सितारीचे पडदे उंच व कमानदार असतात. तार आडवी ओढून चार-पाच स्वरांची मींड काढता येते. गिटारचे पडदे दांडीत बसविलेले, बुटके. तेथे तार फारशी ओढली जात नाही. शिवाय ते पडदे बारा समान अंतरांवर कायमचे ठोकलेले, त्यामुळे दरबारीचा आंदोलित गंधार तेथे कोठे शोधायचा? अनेक स्वर एकदम वाजविणे हा तिचा धर्म, आणि एका स्वरातून दुसऱ्यात वाहत जाणे हा आपल्या गाण्याचा धर्म. दोन्ही धर्म थोर आहेत, पण निराळे आहेत.

ही अडचण सुटली ती हजारो मैल दूरच्या हवाई बेटांवरून आलेल्या एका युक्तीने. एकोणिसाव्या शतकात मेक्सिकन गुराख्यांबरोबर गिटार त्या बेटांवर गेली, आणि शतकाच्या शेवटी जोसेफ केकुकू या तरुणाने ती मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकविण्याची पद्धत रूढ केली. पडदे निरुपयोगी झाले आणि मींड मोकळी झाली! चौथ्या-पाचव्या दशकात ही ‘हवाईयन गिटार’ कलकत्त्यात लोकप्रिय झाली. पुढे व्हॅन शिप्ले यांच्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांतून ती घरोघर पोचली. तिला रागसंगीतात मानाचे पान दिले ते जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी. अली अकबर खाँसाहेबांचे हे शिष्य. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काब्रांची गिटार यांची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी अनेकांच्या संग्रही असेल. नंतर जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी तीवर तरफेच्या तारा चढविल्या आणि ‘मोहनवीणा’ सिद्ध केली. १९९४ साली त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

आता मौजेची गोष्ट पाहा. तारेवरून कांडी सरकवून स्वर काढणे आपल्याला नवे नव्हतेच. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. ती वीणा बांबूची कांब तारेवरून सरकवून वाजवीत. आणि हा ग्रंथ कोठे लिहिला गेला? यादवांच्या देवगिरीस, राजा सिंघण याच्या आश्रयाने! आपल्या जिल्ह्यातील सिंदखेडराजाचे जाधवराव, जिजाऊसाहेबांचे माहेर, आपले कूळ याच यादवांशी सांगतात. म्हणजे जी युक्ती हवाई बेटांवरून आली म्हणून आपण नवलाने पाहिली, तिची बहीण आपल्या शेजारच्या राजधानीत सातआठशे वर्षांपूर्वी ग्रंथात नोंदलेली होती. केकुकूने ती आपल्याकडून घेतली असा दावा मी करीत नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, ज्याला आपण परके म्हणतो त्याला बसायला आपल्या घरात पाट आधीच मांडलेला असतो.

व्हायोलिनचे उदाहरण आठवा. बाळुस्वामी दीक्षितरांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्नाटक संगीतात आणले. आमच्याकडे गजाननराव जोशी आणि वि. गो. जोग यांनी ते असे आपलेसे केले की त्याचा जन्म इटलीचा आहे हे ऐकताना आठवतही नाही. पेटीची कथा तर याहून बोलकी. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि तीस वर्षे ती टिकली. पण गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्राने नाटकातून, कीर्तनातून आणि भजनातून पेटी एक दिवसही दूर केली नाही. १९७१ मध्ये बंदी सैल झाली. लोकांनी ती कधीच मानली नव्हती. वाद्य आपले की परके, हे त्याचा जन्म ठरवीत नाही. आपण त्यावर किती साधना करतो, यावर ते ठरते.

म्हणून ज्यांच्या घरी गिटार आली आहे, त्यांना माझे दोन शब्द. ‘हे आपले नव्हे’ असे म्हणून तिला खुंटीला टांगू नका. आणि मुलाने तीन कॉर्ड वाजविल्याबरोबर टाळ्या देऊन त्याची साधनाही संपवू नका. तार का लागते, स्वरमेळ कसा बनतो, सोरचे धडे काय शिकवितात, हे त्याला विचारा. त्याला उभी गिटार हवी तर त्याने तिचे शास्त्र शिकावे. राग हवा तर ती आडवी घेऊन मींड साधावी. मराठी पदाला, अभंगाला, ओवीला या सहा तारांवर नवे काही देता आले तर तेही त्याने करून पाहावे. आपल्या दिंडीतला विणेकरी एकच सूर धरून शेगावहून पंढरपूरपर्यंत चालतो, आणि त्याला कोणी हलका वादक म्हणत नाही. कारण त्या एका सुरामागे निष्ठा असते.

मघाशी चौघांचा उल्लेख केला: रचनाकार, कारागीर, गुरू आणि श्रोता. पहिले तिघे आपल्या गावात आज असतील वा नसतील. चौथा मात्र या सभागृहात, माझ्यासमोर बसलेला आहे. तो चोखंदळ राहिला तर उरलेले तिघे येतील, कारण सेगोवियालाही आरंभ श्रोता मिळविण्यापासूनच करावा लागला होता.